सहा फेऱ्या

"तिसऱ्या वळणावर दोनदा रेस दिलीस," बाबा म्हणाले.

भिंगरीने अजून हेल्मेटही काढले नव्हते. इंजिन बंद करून ती कार्टमधून नुकती उठत होती आणि कानात अजून घरघर चालूच होती. कुंपणाच्या जाळीत बोटे अडकवून बाबा पलीकडे उभे होते. त्यांचे तोंड मात्र तिच्याकडे नव्हते, जरा डावीकडे, जुन्या टायरांच्या ढिगाकडे होते.

"एकदाच दिली," ती म्हणाली.

"दोनदा. आधी दिलीस, मग घाबरलीस, सोडलीस आणि परत दिलीस. सोडावी लागली म्हणजे पहिली लवकर दिली होतीस."

"सगळे तिथेच देतात."

"सगळ्यांचं मला काय करायचंय?"

मिस्त्री पाना घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "खरं बोलतायत ते. मागचं चाक सरकलेलं पाहिलं मी."

भिंगरी हे काही तिचे नाव नव्हते. पहिल्या वर्षी ती दर दोन फेऱ्यांमागे कुठे ना कुठे गरकन फिरायची आणि उलट्या तोंडाने थांबायची, म्हणून मैदानावरच्या पोरांनी तिला ते चिकटवले. पुढे ते घरातही आले. आता ती पंधरा वर्षांची होती, फारशी फिरत नव्हती, पण नाव तेच राहिले होते. बाबा मात्र बस डेपोतल्या जुन्या लोकांना सांगत, "आमची कार्टी कार्ट चालवते." हा विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकवला होता की शेवटी लोकच तो त्यांच्या आधी करत.

बाबांनी बावीस वर्षे शहराची बस चालवली. मग एका वर्षी त्यांना समोरच्या पाट्यांवरची मधली अक्षरे दिसेनाशी झाली. कडेची दिसत, मधली नाहीत. डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर डाग आहे, तो वाढत जाईल आणि त्यावर औषध नाही. त्याच आठवड्यात डेपोने त्यांना स्टिअरिंगवरून उतरवले. "जिकडे बघावं नेमकं तिथेच काही नसतं," ते आईला म्हणाले होते. एखाद्याचा चेहरा बघायचा तर त्याच्या बाजूला बघावे लागे. नवख्या माणसाला वाटे, हे आपल्याशी बोलतायत की मागे कोणी उभे आहे.

मिस्त्री त्याच डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि गावाबाहेरच्या या कार्ट-मैदानावर गाड्या दुरुस्त करायला लागले होते. मोडीत निघालेल्या एका सांगाड्यावर त्यांनी एक कार्ट उभी केली. चार छोटी चाके, जमिनीपासून दोन बोटे वर एक सीट आणि पाठीशी इंजिन, एवढाच तिचा संसार. "घरी भिंती बघत बसण्यापेक्षा पोरीला घेऊन येत जा," ते बाबांना म्हणाले. बाबांनी बोलून दाखवले नाही, पण भिंतीही त्यांना धड दिसत नव्हत्या. ते यायला लागले. तीन वर्षे झाली, एक रविवार चुकला नाही.

सुरुवातीला बाबा तिला शिकवायचे ते पायी. गाड्या सुरू व्हायच्या आत, सकाळी, तिच्या खांद्यावर हात ठेवून ते सगळा ट्रॅक चालत. बुटाने डांबर चाचपून बघत.

"इथे रबर बसलंय. गुळगुळीत लागतंय. म्हणजे चांगले लोक इथून जातात. आणि तू कुठून जातेस?"

"तिकडून. आतून."

"बरोबर. जवळचा रस्ता म्हणून. जवळून गेलं की लवकर पोचतो असं वाटतं ना?" ते थांबत. "माझ्या बसमध्ये साठ माणसं उभी असायची. वळणावर एखाद्या म्हातारीला दांडा धरावा लागला, तर मी चुकलो. बस्स. दुसरा हिशेब नाही. ब्रेक सरळ रस्त्यावर मारायचा. वळणात शिरताना पाय हळूहळू उचलायचा, म्हातारीला कळता कामा नये. आणि बाहेरचा रस्ता दिसला की मग रेस. एकदाच."

"कार्टमध्ये म्हातारी कुठे असते, बाबा?"

"असते. मागच्या चाकांवर बसलेली असते."

तिला हसू आले होते. पण पुढच्या वेळी तिने तसे करून बघितले आणि कार्ट घसरली नाही. त्या दिवशी तिची फेरी अर्ध्या सेकंदाने कमी झाली. अर्धा सेकंद म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मिस्त्रींनी घड्याळ दोनदा बघितले.

बाबांना तिची गाडी आवाजावरून ओळखू यायची. तिच्या जुन्या सायलेन्सरला एक चीर होती, त्यामुळे आवाजात जरा फडफड असायची. ते कुंपणाशी उभे राहत, डोळे मिटत आणि ती कुठे किती चुकली ते तिला परत आल्यावर सांगत. कधी चूक निघाली नाही त्यांची. इतर पोरांचे वडील लांबून बघायचे आणि आपापसांत बोलायचे. बाबांना ते दिसत नसले तरी कळायचे आणि ते जरा ताठ उभे राहायचे.

यंदाच्या हंगामाच्या मध्यावर नवा नियम आला. सगळ्यांना एकाच मापाचे, नवे सायलेन्सर बसवायचे. मिस्त्रींनी भिंगरीचा बदलला आणि बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "मला काय फरक पडतो? इंजिन तेच, पाय तोच."

पुढच्याच रविवारी ती सराव संपवून आली तेव्हा बाबा म्हणाले, "पाचव्या वळणावर आज फारच उशिरा ब्रेक मारलास."

पाचव्या वळणावर तिने आज ब्रेक मारलाच नव्हता. तिथे एक कार्ट आडवी पडली होती, त्यामुळे शेवटच्या चार फेऱ्या सगळे रांगेत सावकाश जात होते. त्याआधी ती टायरमध्ये हवा भरून घ्यायला आतच थांबली होती, ट्रॅकवर उतरलीच नव्हती. तिने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री चेनला तेल देत होते. ते चेनला तेल देतच राहिले.

"हो," ती म्हणाली. "झाला उशीर."

त्या 'हो'नंतर पुढचे 'हो' सोपे गेले. दर रविवारी बाबा कोणाच्या तरी चुका तिला सांगत आणि ती मान्य करत असे. कधी त्या तिच्याच असत. बऱ्याचदा नसत. खरे काय झाले होते ते आता तिचे तिलाच आठवून ठेवावे लागे. बाबा बोलत असताना ती मनात एकेक वळण परत घेऊन बघायची. दुसऱ्यावर मी काय केले? हात कधी वळले, पाय कधी उचलला? हे आपण नाही केले, पण चौथ्यावर मात्र आपली मान आत झुकली होती, ते यांना कळलेले नाही. अशा रीतीने ती सुधारत गेली. ऑगस्टात ती अकरावी येत असे, ऑक्टोबरात आठवी आली, मग सातवी. बाबांना वाटले, सांगण्याचा उपयोग होतोय. ते आणखी सांगू लागले.

एका संध्याकाळी ती आईपाशी बसली. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. घरी आली की आधी बाह्यांना चिकटलेले धागे वेचत बसायची. बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते.

"मला पुढच्या रविवारी नाही जायचं," भिंगरी म्हणाली.

"का गं?"

"बाबांना माझी गाडी ओळखू येत नाही आता. दुसऱ्याच कोणाच्या चुका मला सांगतात."

आईने एक निळा धागा काढून बोटाला गुंडाळला. "मग तू काय म्हणतेस त्यांना?"

"हो म्हणते."

"मग म्हणत राहा."

"किती दिवस?"

आईने बाहेरच्या खोलीकडे पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सोमवारी ते रविवारचं बोलतात. गुरुवारपासून पुढच्या रविवारचं बोलायला लागतात. मधले मंगळवार-बुधवार तेवढे मला काढावे लागतात. ते कसे काढते माझं मला ठाऊक. तू सातही दिवस माझ्या अंगावर टाकू नकोस, बाई."

भिंगरी उठून गेली. तिला आईचा राग आला होता आणि रागवायला जागा सापडत नव्हती.

हंगामाची शेवटची शर्यत नोव्हेंबरात होती. पहिल्या सहा जणांना वरच्या गटात घेणार होते. भिंगरीला डिसेंबरात सोळावे लागत होते आणि सोळानंतर या गटात उतरता येत नव्हते. म्हणजे आज नाही तर मग नाही. हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून सकाळपासून कोणी तो विषय काढला नाही. हवा ढगाळ होती. मैदानाच्या कडेचे गवत ओले होते. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता, बटण एक घर चुकलेले. भिंगरीने ते सारखे केले.

"ते तिसरं वळण," बाबा म्हणाले.

"माहितेय, बाबा."

"मी आज काही सांगत नाही. तुला येतंय आता."

बारा गाड्या, पंधरा फेऱ्या. ती सातवी सुटली. पहिल्याच वळणावर पुढचे दोघे एकमेकांना घासले आणि बाहेर गेले. ती आतून घुसली नाही, थांबली, बाहेरचा रस्ता दिसल्यावर निघाली आणि पाचवी झाली. पुढे सगळे साधे होते. तिला नंतर कधी ते कोणाला नीट सांगता आले असते तर तिने एवढेच सांगितले असते, की साधे होते. हात हलके होते. तिसऱ्या वळणाला ब्रेक, पाय वर, रेस. मागची चाके सरकली नाहीत. चौथ्या फेरीला मागून सात नंबर आला. नवा मुलगा, तेरा वर्षांचा, गेल्या महिन्यात आलेला. तो तिच्या पाठीला चिकटून राहिला, पण त्याला पुढे जाता आले नाही. सहावी फेरी तिची आजवरची सगळ्यांत चांगली फेरी होती, हे तिला घड्याळ न बघता कळले.

सातव्या फेरीला सरळ रस्त्यावर पाठीमागे काहीतरी फाटकन वाजले आणि इंजिन एकदम मोकळे ओरडायला लागले. पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना. चेन तुटली होती. सात नंबर बाजूने निघून गेला, मग आणखी एक, मग सगळे.

तिने गाडी गवतात घेतली. झेंडेवाल्या माणसाने तिला हाताने बाहेर यायची खूण केली. दोघांनी मिळून कार्ट टायरांच्या मागे ढकलली. हेल्मेट काढून, ते काखेत धरून ती कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने चालत निघाली. अर्ध्या ट्रॅकचा वळसा होता. बूट चिखलाने जड झाले.

बाबा नेहमीच्या जागी होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात जाळीत. मिस्त्री त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांनी तिला येताना पाहिले आणि तळहात जरासा वर केला. थांब. ती चार पावलांवर थांबली.

गाड्या समोरून गेल्या. आवाज आला, चढला, गेला.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "एकदाच. सलग नऊ फेऱ्या झाल्या, एकदाही सोडली नाही तिने. पुढच्याला पकडणार बघा ती."

मिस्त्रींनी भिंगरीकडे पाहिले.

"तुम्हाला म्हणून सांगतो. मला वाटायचं, मी उगाच बडबडतो. पोरगी हो हो करते, माझं मन राखायला." बाबा थोडे हसले. "पण असं नुसतं हो म्हणून येत नाही हे. आत गेलंय तिच्या."

भिंगरीने हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतले. अजून सहा फेऱ्या बाकी होत्या. ती तिथेच उभी राहून बाबांकडे बघत राहिली. तिने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. शर्यत चालू असताना ती नेहमी आत असायची. प्रत्येक फेरीला तिसऱ्या वळणाआधी त्यांचे खांदे वर चढत, श्वास थांबे आणि वळण गेले की सगळा माणूस सैल होई. सात नंबरने चौथा गाठला. मग तिसराही. बाबांच्या चेहऱ्यावर ते सगळे तिला फेरी-फेरीने दिसत होते.

झेंडा पडला. गाड्या आत येऊ लागल्या. मिस्त्री दोन पावले मागे सरकून तिच्यापाशी आले आणि कुजबुजले, "हेल्मेट घाल. आत्ताच आल्यासारखी ये. नंबराचं मी बघतो काय सांगायचं ते."

तिने हेल्मेट दोन्ही हातांत धरले. घालायला वेळ लागला नसता.

"बाबा," ती म्हणाली.

ते वळले. "आलीस? मी म्हणालो होतो ना, आज मला काही बोलायचं नाही. खरंच नाही. तिसरी का?"

"मी नव्हते ती. माझी चेन तुटली. सातव्या फेरीला."

बाबांचा हात जाळीतच होता. बाजूने कोणीतरी कार्ट ढकलत गेले.

"कधीपासून उभी आहेस?"

"आहे मघापासून."

"ऐकलंस सगळं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग विचारले, "मग मी कोणाचं ऐकत होतो?"

"सात नंबर. नवीन मुलगा आहे."

"चांगला चालवतो," बाबा म्हणाले. जरा वेळाने त्यांनी जाळीतून बोटे एकेक करून सोडवली. "आणि आधी? गेल्या महिन्यात, त्याच्याआधी? मी ज्या चुका सांगत होतो?"

मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

"कधी कधी माझ्या असायच्या," ती म्हणाली.

"कधी कधी."

"हो."

"सायलेन्सर बदलल्यापासून?"

तिने हेल्मेट खाली गवतात ठेवले. त्यांना तेवढे पुरले.

मिस्त्री म्हणाले, "चूक माझी आहे. चेन गेल्याच आठवड्यात बदलायला हवी होती. आणि आवाज तर आता सगळ्याच गाड्यांचे सारखे, त्यात ही..." त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांनाच सापडेना. ते कार्ट आणायला निघून गेले.

वरच्या गटाची नावे भोंग्यावर सांगितली. सहा नावे. बाबांनी ती सगळी उभे राहून ऐकली, जणू त्यांपैकी एखादे चुकून आपले निघेल. मग ते एका टायरवर बसले. तिने वाट पाहिली, की आता ते म्हणतील, पुढच्या रविवारी यायला नको. ते तसे म्हणाले नाहीत. पुढचा रविवार नव्हताच. हंगाम संपला होता, तिचे वय संपले होते आणि हे त्यांनाही माहीत होते.

"घरी आईला काय सांगायचं?" तिने विचारले.

"चेन तुटली. दुसरं काय?"

लोक गाड्या टेम्पोत चढवत होते. कुठेतरी बक्षिसाच्या टाळ्या झाल्या. सात नंबरचा मुलगा एका डब्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. हेल्मेटने त्याचे केस चप्प बसले होते. भिंगरीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. तिला त्याचा राग आला नाही, कौतुकही वाटले नाही.

"सहा झाल्या होत्या ना तुझ्या?" बाबांनी विचारले.

"सहा पूर्ण."

"मी त्या ऐकल्या की नाही, मला माहीत नाही. तुझ्या कुठल्या आणि त्याच्या कुठल्या, काही सांगता येत नाही." ते टायरवर जरा सरकले. शेजारी जागा झाली. "तू सांग."

"काय सांगू?"

"पहिल्यापासून. एकेक वळण."

ती बसली. आधी तिला लाज वाटली, कारण आजवर या जागी बोलायचे ते बाबा. तिने सुरुवात केली. सुटताना पुढे सहा जण होते. पहिल्याला दोघे घासले, मी आत नाही गेले. का नाही गेलीस, असे ते विचारतील म्हणून ती थांबली. त्यांनी विचारले नाही. ती पुढे सांगत गेली. दुसऱ्यावर हात कुठे होते, तिसऱ्यावर डांबर ओले होते म्हणून ब्रेक एक हात आधी मारला, चौथ्यावर मान आत झुकली, पाचव्यावर नाही झुकली. सगळे तिला आठवत होते. दुसरी फेरी. तिसरी. सात नंबर मागे आला तेव्हा आरशावाचून तो कसा कळला. मिस्त्री कार्ट ढकलत आणून बाजूला उभे राहिले आणि मध्ये न बोलता तुटलेली चेन कागदात गुंडाळू लागले. झेंडेवाला माणूस आपले झेंडे गोळा करून गेला. भोंगा बंद झाला.

सहा फेऱ्या सांगायला तिला चालवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मैदान रिकामे झाले तेव्हा ती सहाव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर होती. तिथे तिचा पाय जरा लवकर उचलला गेला होता. तेही तिने सांगितले.

बाबांनी एकदाही चूक काढली नाही.